कच्चा कैदी काय शिकतो?

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या केजच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर वाढतात. ट्रॉलीत भांडी, अंथरुणं, कोपीसाठी ताडपत्री आणि बांबू, एखादी शेळी, दोनचार कोंबड्या, आणि या सगळ्याच्या वर बसलेली माणसं. बालाघाटाच्या अंगाखांद्यावरची गावं अशी रिकामी होतात आणि सांगली-कोल्हापूरकडं, कर्नाटकात उसाच्या फडांवर जाऊन बसतात. मुकादमानं पावसाळ्यातच उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दिलेली असते. ती फेडायला नवरा-बायकोनं मिळून तोडायचं. त्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. माणसं दोन, हत्याराचं नाव एक. राज्यातल्या बहुतेक घरांत दिवाळीचा फराळ चालू असताना आमच्या तालुक्यातली कित्येक घरं कुलूपबंद असतात.

त्याच केजमध्ये न्यायालयाबाहेर एक दुपार काढली तर दुसरी एक वाहतूक दिसते. पोलिसांची गाडी येते, आरोपी उतरतात, तारीख पडते, गाडी जाते. झाडाखाली आई किंवा बायको डबा घेऊन थांबलेली असते. डबा देता येईल की नाही हे सोबतच्या पोलिसाच्या मनावर. त्या गाडीतला पोरगा आणि ट्रॉलीवरचा पोरगा, दोघंही बहुधा विशीतले. दोघांचंही शिक्षण दहावीच्या अलीकडं-पलीकडं थांबलेलं. दोघांच्या घरी जमीन असली तरी कोरडवाहू.

कैद्यांना सरकारी पैशानं धंद्याचं शिक्षण द्यावं का, हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या चर्चासत्रात सोपा वाटतो. केजमध्ये तो या दोन पोरांमधला प्रश्न होतो. बसस्थानकासमोर चहा पिताना विषय काढून पाहा, पहिलं उत्तर ठरलेलं आहे: आमच्या पोरानं गुन्हा केला नाही, हाच त्याचा गुन्हा का?

हे उत्तर मला कधीच खालच्या दर्जाचं वाटलेलं नाही. त्याला नीट उत्तर द्यायला हवं. पण त्याआधी एक साधी चौकशी केली पाहिजे. ज्या शिक्षणाचा हेवा वाटतो, ते केजच्या कैद्याला मिळतं तरी का?

केज तालुक्यातल्या एखाद्या तरुणाला अटक झाली असं समजा. पोलीस कोठडी संपली की न्यायालयीन कोठडी, म्हणजे बीडचं जिल्हा कारागृह. तिथं तो ‘कच्चा कैदी’ असतो. सरकारी भाषेत न्यायाधीन बंदी. गुन्हा शाबित झालेला नाही, म्हणून त्याला कामाला जुंपता येत नाही. काम सक्तमजुरीच्या शिक्षेबरोबर येतं आणि सक्तमजुरी पक्क्या कैद्याला. कच्च्यानं स्वखुशीनं काम मागितलं तर देता येतं, पण जिल्हा कारागृहात मोठे कारखाने नसतात. करवतीची यंत्रं, हातमाग, पॉवरलूम, बेकरी, शिवणयंत्रांच्या रांगा हा संसार मध्यवर्ती कारागृहांचा: येरवडा, नाशिकरोड, नागपूर, कोल्हापूरचं कळंबा, आमच्यासाठी सर्वांत जवळचं म्हणजे छत्रपती संभाजीनगरचं हर्सूल. तिथं पोचायला आधी शिक्षा लागावी लागते.

बाहेरच्या संस्थेनं बीडच्या तुरुंगात येऊन वर्ग घ्यायचं ठरवलं तरी अडतं. वर्गाला वीस-पंचवीस जणांची तुकडी लागते, हजेरी लागते, दोन-तीन महिने सलग लागतात. कच्च्या कैद्याचं काहीच सलग नसतं. सोमवारी तारीख, बुधवारी वकील, शुक्रवारी जामीन झाला तर माणूस गेला. संस्थेला अनुदान मिळतं ते परीक्षेला बसलेल्या आणि उत्तीर्ण झालेल्या डोक्यांवर. अर्ध्या वाटेवर सुटणारा विद्यार्थी त्या हिशेबात तोट्याचा.

आता एकूण आकडा पाहा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यांतली ४,३४,३०२ कच्ची, म्हणजे शंभरातली सुमारे ७६. तुरुंग भरलेले होते क्षमतेच्या १३१ टक्के. कैद्यांच्या प्रशिक्षणाचा जो काही डामडौल आपण बातम्यांत पाहतो, तो उरलेल्या चोवीसांसाठी उभा आहे, आणि त्यांतल्याही काहींसाठीच.

म्हणजे चहाच्या टपरीवरचा राग बराचसा अशा गोष्टीवर आहे जी त्या पोलिसगाडीतल्या पोराला मिळतच नाही. तो बीडच्या बराकीत महिनोन् महिने काय शिकतो, हे सांगायला कुठल्या अहवालाची गरज नाही. शिकवणारे तिथं आधीच बसलेले असतात, आणि त्यांना अनुदान लागत नाही.

तरीही तत्त्वाचा प्रश्न उरतोच. द्यायचं ठरवलं तर ते न्याय्य आहे का?

इंग्लंडमध्ये १८३४ साली गरिबांसाठीचा कायदा बदलला तेव्हा एक सूत्र ठरवलं गेलं: सरकारी आश्रयाला आलेल्या माणसाची अवस्था बाहेरच्या सर्वांत गरीब मजुराहून वाईटच असली पाहिजे, नाहीतर मजूर मजुरी सोडून आश्रयाला येतील. तुरुंगांनाही तेच माप लागलं. सूत्र ऐकायला रोखठोक आहे. पण ते केजला लावून पाहा. इथला सर्वांत गरीब मजूर पाचटाच्या कोपीत राहतो, पहाटे थंडीत फडात उतरतो, आजारपणात खाडा झाला तर मुकादमाच्या वहीत दंड चढतो. याहून वाईट अवस्था तुरुंगात निर्माण करायची म्हणजे नेमकं काय करायचं? माप लावणाऱ्यानं आधी मजुराकडं पाहावं. जिथं जेवण, छप्पर आणि डॉक्टर यांच्या जोरावर तुरुंग सुखाचा वाटू लागतो, तिथं चौकशी तुरुंगाची करायची की फडाची?

अमेरिकेत हीच टपरीवरची चर्चा संसदेत झाली होती. तिथं गरीब विद्यार्थ्यांना महाविद्यालयासाठी सरकारी अनुदान मिळतं. पेल ग्रँट म्हणतात. कैद्यांनाही ते मिळायचं. १९९४ मध्ये ते बंद केलं. युक्तिवाद आपल्यासारखाच: पोलिसाच्या पोराला कर्ज काढावं लागतं आणि चोराला फुकट? खरं तर कैद्यांकडं जाणारा वाटा एकूण रकमेच्या एक टक्काही नव्हता. शिवाय अनुदान पात्रतेवर मिळायचं, ठरावीक जागांवर नाही. त्यामुळं कैद्याचं काढल्यानं बाहेरच्या एकाही पोराच्या ताटात जास्तीचं काही पडलं नाही. पुढं जवळपास तीस वर्षं तुरुंगातली महाविद्यालयं ओस पडली, आणि जुलै २०२३ पासून ते अनुदान पुन्हा सुरू झालं.

आपल्याकडंही तेच होईल. कैद्याच्या शिवणवर्गाचे पैसे वाचवून ते ऊसतोड मजुराच्या लेकराला मिळतील अशी कुठलीही सोय अर्थसंकल्पात नाही. त्या लेकरांसाठी संत भगवानबाबांच्या नावानं ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना २०२१ मध्ये ठरली. ती वसतिगृहं किती वेगानं, कुठल्या इमारतीत, किती खाटांनिशी उभी राहिली याचा जाब विचारायचा तर तो समाजकल्याणला विचारावा. तुरुंगातल्या शिलाई मशीनचा त्यात काही दोष नाही.

आणि बाहेरच्या पोराला सरकार काहीच देत नाही, हेही पूर्ण खरं नाही. देतं, पण कसं देतं ते पाहण्यासारखं आहे. २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आली: बारावी झालेल्याला महिना ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,०००. सहा महिने ग्रामपंचायतीत, शाळेत, कचेरीत काम शिकायचं. सहा महिने संपले आणि पोरं विचारू लागली, आता पुढं? मुदत वाढवून मिळाली. नोकरी त्या योजनेतच नव्हती. केंद्राच्या कौशल्य विकास योजनेचंही तेच. पहिल्या तीन टप्प्यांत अल्पमुदतीचं प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवलेल्यांपैकी निम्म्यांनाही काम लागलं नाही, हे सरकारनंच संसदेत दिलेल्या आकड्यांतून दिसतं. ज्याच्या नावावर एकही गुन्हा नाही त्याचं हे, तर तुरुंगातून आलेल्याचं काय होणार? ट्रॉलीवरच्या आणि गाडीतल्या पोराची तक्रार इथं एक होते. दोघांनाही शिकवलं, असं धरा. कामाचं काय, हे कुणी सांगत नाही.

एक आक्षेप मात्र असा आहे की त्यापुढं मला युक्तिवाद सुचत नाही. तो पीडिताच्या घराचा.

केज तालुक्यात हे लिहिताना मस्साजोगचं नाव टाळता येत नाही. ९ डिसेंबर २०२४ रोजी तिथले सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून हत्या झाली. पवनचक्की प्रकल्पाशी निगडित खंडणीच्या वादातून ती झाली, असं तपासयंत्रणेचं म्हणणं आहे. खटला न्यायालयात आहे, म्हणून त्याबद्दल अधिक बोलणार नाही. पण त्यानंतर इथं ‘कैद्यांचं पुनर्वसन’ हा शब्द उच्चारताना जीभ अडखळते. ज्या घरातला माणूस गेला, त्या घराला आपण काय सांगायचं? की मारणाऱ्याला सरकार सुतारकाम शिकवतंय?

सर्वोच्च न्यायालयानं हा पेच १९९८ मध्ये हाताळला आहे. गुजरात सरकार आणि गुजरात उच्च न्यायालय यांच्यातल्या त्या खटल्यात प्रश्न होता कैद्यांच्या मजुरीचा. सक्तमजुरीच्या कैद्याकडून काम घेणं कायदेशीर आहे, पण त्याला रास्त मजुरी द्या, असं न्यायालयानं सांगितलं. जेवणाखाण्याचा खर्च त्यातून वजा करायला हरकत नाही, आणि मजुरीतला काही वाटा गुन्ह्याचा घाव सोसलेल्यांसाठी बाजूला काढण्याची व्यवस्था कायद्यानं करावी. मला हा निकाल या विषयातला सर्वांत शहाणा वाटतो. कारण त्यात कैद्याच्या कामाला किंमत आहे, आणि त्या किमतीवर पहिला नसला तरी एक हक्क मेलेल्याच्या घराचा आहे.

मात्र वाटा काढायचा तर आधी मजुरी हवी. महाराष्ट्रात ऑगस्ट २०२३ पासूनचे दर असे: कुशल कैद्याला दिवसाला ७४ रुपये, अर्धकुशलाला ६७, अकुशलाला ५३, खुल्या वसाहतीतल्याला ९४. वाढ झाल्यानंतरचे हे दर आहेत. आधी कुशलाला ६७ मिळायचे. रोजगार हमीवर राज्यात २०२५-२६ चा दर ३१२ रुपये होता. ऊसतोडीचा दर जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढून टनाला ३६६ झाला. जोडीनं दिवसाला दोन टन तोडला तर ७३२, दोघांत मिळून. कैद्याला खाणं-राहणं फुकट आहे, हे मान्य. पण ७४ रुपयांतून घरी काय पाठवायचं, कॅन्टीनमधून साबण काय घ्यायचा, आणि पीडिताला काय द्यायचं?

महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेनं मे २०२२ मध्ये येरवड्यात ‘जिव्हाळा’ नावाची कर्जयोजना सुरू केली. कैद्याला ५०,००० रुपयांपर्यंत, सात टक्के व्याजानं, तारणाशिवाय. फेड तुरुंगातल्या मजुरीतून. कल्पना खरोखर चांगली. कैद्याच्या घामाला बँकेनं पत दिली. पण महिन्याला २६ दिवस ७४ रुपयांनी काम केलं तर हाती येतात १,९२४. व्याज सोडा, एक पैसाही खर्च केला नाही असं धरा, तरी मुद्दल फेडायला २६ महिने लागतात. मुकादमाच्या उचलीचा हिशेब ज्यानं बालपणापासून पाहिला आहे, त्याला हे गणित समजावून सांगावं लागत नाही.

तुरुंगातल्या धंदेशिक्षणाला एक जुना वास आहे, तोही विसरता येत नाही. सोलापुरात आजही ‘सेटलमेंट’ नावाचा भाग आहे. १८७१ च्या कायद्यानं कित्येक जमातींवर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारला गेला. पुढं पारधी, कैकाडी, भामटा, मांगगारुडी अशा लोकांना तारेच्या कुंपणाआड वसवलं गेलं. त्यांना सुधारायचं होतं. सुधारणेचं साधन होतं काम. सोलापूरच्या गिरण्यांना मजूर हवे होते आणि सेटलमेंटमध्ये माणसं होती. पोरांना शाळा, मोठ्यांना गिरणी, आणि दिवसातून ठरलेल्या वेळी हजेरी. सरकारी पैशानं रोजगाराचं शिक्षण, आणि शिक्षणानंतर हमखास नोकरी! आजच्या कुठल्याही योजनेच्या पुस्तिकेत शोभेल असं ते यश होतं. फक्त माणसं मोकळी नव्हती, आणि त्यांतल्या बहुतेकांनी गुन्हाही केलेला नव्हता. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा रद्द होऊन ती ‘विमुक्त’ झाली.

विमुक्त झाली म्हणतात. चोरी झाली की पोलिसांची गाडी आजही आधी पारध्यांच्या पालावर जाते, हे आमच्या भागात कुणाला नव्यानं सांगायला नको. तुरुंगाच्या आतही जात पोचलेलीच होती. सुकन्या शांता या पत्रकारानं मुंबईतून याचा पाठपुरावा केला आणि त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ३ ऑक्टोबर २०२४ ला न्यायालयानं निकाल दिला: अनेक राज्यांच्या तुरुंग-नियमावल्यांत झाडू कुणी मारायचा आणि स्वयंपाक कुणी करायचा हे जातीवर ठरत होतं, ते नियम घटनाबाह्य, तुरुंगाच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढा. स्वातंत्र्याला ७७ वर्षं झाल्यावर हे सांगावं लागलं. म्हणजे ज्याला आपण कारागृहातलं कौशल्य म्हणत होतो, त्यात कित्येकांच्या वाट्याला आजोबाच्याच हातातला झाडू आलेला होता.

उपयोगाचं काय? शिकून माणूस पुन्हा गुन्ह्याकडं वळत नाही, याला पुरावा आहे का?

परदेशात आहे. अमेरिकेतल्या रँड या संशोधन संस्थेनं २०१३ मध्ये तिथले अनेक जुने अभ्यास एकत्र तपासले. तुरुंगात शिकलेल्या कैद्यांची पुन्हा आत येण्याची शक्यता न शिकलेल्यांपेक्षा ४३ टक्क्यांनी कमी दिसली, नोकरी लागण्याची १३ टक्क्यांनी जास्त. शिक्षणावर खर्चलेल्या एका डॉलरमागं पुढच्या तीन वर्षांत तुरुंगावरचे चार ते पाच डॉलर वाचतात, असा हिशेबही मांडला. हे आकडे व्याख्यानांत फार फेकले जातात, म्हणून एक पथ्य सांगतो. वर्गात जाऊन बसणारा कैदी मुळातच थोडा वेगळा असतो. ज्याला बदलायचं आहे तोच आधी नाव नोंदवतो. त्यामुळं सगळं श्रेय फळ्याला देऊ नये. पण निम्मं दिलं तरी सौदा फायद्याचा आहे.

मात्र दोन आकड्यांतली तफावत पाहा. परत येण्यात घट मोठी, नोकरीत वाढ लहान. शिकण्यानं माणूस सावरतो, पण दारं तेवढी उघडत नाहीत. केजमध्ये तर दारं मोजकीच आहेत.

येरवड्याहून सुटलेला सुतार केजला उतरला असं धरा. आत त्यानं कचेऱ्यांची टेबलं-खुर्च्या केल्या. राज्यातल्या कित्येक सरकारी खोल्यांतलं लाकडी सामान कैद्यांनी घडवलेलं आहे; ज्या न्यायालयात त्याला शिक्षा झाली तिथलं बाकही कदाचित. आत रंधा यंत्राचा होता, लाकूड सरकारी, गिऱ्हाईक ठरलेलं. केजला फर्निचर प्लायवूडचं होतं आणि लग्नसराईत तयार कपाटं टेम्पोतून येतात. शिवणकाम शिकलेल्याला तयार कपड्यांच्या दुकानाशी स्पर्धा करायची. पॉवरलूमवर हात बसलेल्यानं भिवंडी-इचलकरंजीला जायचं, म्हणजे पुन्हा गाव सोडायचं. बायकांच्या विभागात शिवण, मेंदी, पापड, ब्यूटी पार्लर. नवऱ्याच्या किंवा सुनेच्या मृत्यूच्या खटल्यातून सुटलेल्या बाईकडं गावातली नवरी मेंदी काढायला येईल, अशी कल्पना करणाऱ्याला खेड्याचं काय माहीत असेल?

आपल्याकडं तुरुंगातल्या कामाची निवड बाहेरच्या बाजारावरून होत नाही, तुरुंगात काय सोयीचं यावरून होते. यंत्रं आहेत म्हणून तो धंदा. कारागीर-शिक्षक आहे म्हणून तो वर्ग. शिवाय सणांना विक्री होते. नाशिकरोडच्या कैद्यांचे शाडूचे गणपती आणि दिवाळीतल्या तुरुंगांच्या विक्रीमेळ्यातल्या पणत्या नि आकाशकंदील लोक कौतुकानं घेतात. घ्यावेतच.  पण पणती रंगवणं हे गावी परतल्यावर वर्षाचे बारा महिने चालणारं पोट नाही, आणि फोटो छान येतो म्हणून ते प्रशिक्षणही ठरत नाही.

याच मराठी मुलखात दुसरी रीत होऊन गेली आहे. औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मोकळी वसाहत उभारली. भिंत नाही, बेड्या नाहीत. जमीन कसायची आणि बायकामुलांसह राहायचं. माडगुळे त्याच आटपाडी तालुक्यातलं, ग. दि. माडगूळकरांनी त्यावरून कथा लिहिली आणि १९५७ मध्ये शांतारामबापूंनी ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. सिनेमातला जेलर आणि त्याचे सहा कैदी सगळ्यांना आठवतात. मला त्यातला बाजार आठवतो. कैदी पिकवलेली भाजी स्वस्तात विकू लागतात आणि तिथला दलाल गुंड अंगावर घालतो. टपरीवरच्या आक्षेपाची ती दुसरी बाजू: कैद्यानं शिकू नये, आणि शिकला तर आमच्या बाजारात विकू नये.

पैठणला नाथसागराच्या काठी खुलं कारागृह आहे, तिथंही पक्के कैदी शेती करतात. चांगली वागणूक असलेले, शिक्षेचा बराच भाग भोगलेले निवडून पाठवतात. आमच्या बाजूच्या शेतकरी-कैद्याला तुरुंगात जर काही उपयोगी मिळत असेल तर ते पैठणला, असं माझं मत आहे. तिथं तो ठिबकच्या नळ्या जोडतो, गुरं सांभाळतो, आणि परतल्यावर हात त्याच कामाला लागतात. शिवाय त्याच्यावर कुणीतरी भरवसा टाकलेला असतो. पण पैठणपर्यंत पोचायला वर्षं लागतात, आणि कच्च्याला तर ती वाटच नाही.

म्हणून माझं म्हणणं फार मोठं नाही. येरवड्यात आणखी एक वर्ग निघाला नाही तरी चालेल. बीडच्या जिल्हा कारागृहात निघाला पाहिजे, आणि तो पंधरा-पंधरा दिवसांच्या तुकड्यांत असला पाहिजे, कारण कच्च्या कैद्याच्या हाती तेवढंच सलग असतं. जामीन झाला तर पुढचा तुकडा त्यानं तालुक्याच्या आयटीआयमध्ये पुरा करावा, त्याच पोरांच्या बाकावर बसून, तेवढीच फी भरून किंवा तेवढीच माफी घेऊन. आत वेगळा आणि बाहेर वेगळा अभ्यासक्रम असण्याचं कारण नाही. विषय इथल्या मातीतले: मोटार रिवाइंडिंग, ट्रॅक्टरची दुरुस्ती, दुचाकी. ऊस तोडायला हार्वेस्टर येत आहेत, आणि यंत्र बिघडलं की फडात उभं राहतं. शेताशेतांत सौर कृषिपंप बसलेत, ते बंद पडल्यावर कुणाला बोलवायचं हा गावोगावचा प्रश्न आहे. तिथं काम आहे, आणि ते काम करणाऱ्याच्या पूर्वायुष्याची चौकशी शेतकरी फारशी करत नाही. पाणी उडालं म्हणजे झालं.

प्रमाणपत्रावर कारागृहाचं नाव येता कामा नये. ही बारीक गोष्ट वाटेल, पण ज्या कागदावर ‘मध्यवर्ती कारागृह’ असं छापलं आहे तो कागद माणूस ट्रंकेत ठेवतो, मालकाला दाखवत नाही. कंपनीत, सुरक्षारक्षकाच्या कामाला, शाळेच्या बसवर चारित्र्य पडताळणी लागते. तीत खटला प्रलंबित असल्याची नोंद निघते. निर्दोष सुटण्याआधीची सगळी वर्षं हा माणूस कायद्यानं निरपराध आणि कागदोपत्री संशयित असतो. त्या वर्षांचं काय करायचं, यावर ना कारागृह विभाग बोलतो, ना कौशल्य विकास विभाग.

आणि मजुरी. ७४ रुपयांवर पीडिताचा वाटा निघत नाही, म्हणून तो काढला जात नाही आणि मस्साजोगसारख्या कुठल्याही घराला सांगायला आपल्याकडं काही उरत नाही. रोजगार हमीच्या निम्म्यावर जरी दर आणला, तरी त्यातला ठरावीक भाग त्या घराच्या खात्यावर जाऊ शकतो. रक्कम लहान असेल. घेणाऱ्याला ती नकोशीही वाटेल. नाकारायचा हक्क त्याचा. पण देण्याची सोय नसणं ही सरकारची चूक आहे, आणि ती १९९८ चा निकाल लागून पाव शतक उलटल्यावरची चूक आहे.

पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्यानं कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला सोडावं, अशी तरतूद १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत आहे; जन्मठेप-फाशीच्या गुन्ह्यांना ती लागू नाही. म्हणजे अशी पोरं आता थोडी लवकर बाहेर येतील. एखादा बीडहून एसटीनं मांजरसुंबा, नेकनूर करत केजला उतरेल, हातात पिशवी आणि पुढच्या तारखेचा कागद घेऊन.

आयटीआयचे प्रवेश वर्षातून एकदा होतात, पावसाळ्याच्या तोंडाशी. जामीन कोणत्याही महिन्यात होतो. मुकादमाची उचल दसऱ्यापर्यंत चालू असते, आणि तो चारित्र्याचा दाखला मागत नाही.